मधेच शिक्षण सुटलं, तरी शिष्यवृत्ती सुटू नये म्हणून

"मॅडम, माझा रिन्यूअलचा फॉर्मच दिसत नाहीये." कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीत दरवर्षी हे वाक्य घेऊन चार-दोन मुलं तरी येतातच. जरा विचारपूस केली की कळतं, मधे एक वर्ष गेलंय. कुणाचे वडील गेले, कुणाची आई केमोथेरपीवर होती, कुणाला स्वतःलाच टीबी झाला, कुणी घर चालवायला डिलिव्हरीच्या कामाला लागलं. कारण सांगताना मुलं खाली बघतात, जणू त्यांनीच काही गुन्हा केलाय.

मी या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय. एस.वाय.ला असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चार महिने परळला हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून काढले. चौथ्या सेमिस्टरची परीक्षा बुडाली. कॉलेजात काही कळवायचं असतं, हे डोक्यातही आलं नाही. पुढच्या वर्षी गेले तर क्लार्क म्हणाला, "गॅप आहे ना? मग स्कॉलरशिप बंद." मी मान डोलावली आणि परत आले. उरलेली फी आईच्या बांगड्यांतून गेली. पुढे दुसऱ्या एका कॉलेजात मी त्याच टेबलावर नोकरीला लागले, नियमांची फाईल उघडली, तेव्हा समजलं की तो क्लार्क चुकला होता. त्याने मला फसवलं नव्हतं, त्याने ते पान कधी वाचलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. मुंबईत पदवीला असताना घरच्या किंवा स्वतःच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलं, आता परत सुरू करायचंय आणि पैशांची सोय हवीय, अशांसाठी. या सगळ्यात अडचण खरी आहे की नाही यावर फारसं अडत नाही. अडतं ते तारखेचा कागद नसतो यावर. कधीपासून कधीपर्यंत, कशामुळे, आणि त्याखाली प्राचार्यांची सही. हा एक कागद जमला की बाकीचं काम चिकाटीचं आहे, अशक्य नाही.

आधी कॉलेजला लेखी कळवा, उशीर झाला असेल तरी

अजून अडचण चालू असेल, म्हणजे वडील आयसीयूत आहेत आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, तर घाईघाईत प्रवेश रद्द करू नका. घरचे म्हणतात, "या वर्षी राहू दे, नाव काढून टाक." नाव काढलं की तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थीच राहत नाही आणि परत येताना सगळं पहिल्यापासून सुरू होतं. वर, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटून गेले असतील, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे फीचा परतावाही मिळत नाही. म्हणजे नाव काढून हाती काही लागत नाही. (त्याच नियमांत हेही आहे की कॉलेजने तुमची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. कुणी "फी भरा मग मार्कशीट देतो" म्हणालं तर हे लक्षात ठेवा.)

त्याऐवजी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टला लागतं, पण खरं कारण असेल तर प्राचार्य सवलत देऊ शकतात. कॉलेज स्तरावरच्या परीक्षेला आजारपणामुळे बसता आलं नाही तर अ‍ॅडिशनल एक्झाम असते का, हे परीक्षा विभागात विचारा. वर्ष वाया न जाऊ देण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच, आणि नेमका हाच मुलांना ठाऊक नसतो, कारण त्याची नोटीस जिना चढताना डाव्या हाताच्या बोर्डावर आठ दिवस लागते आणि त्या आठ दिवसांत तुम्ही हॉस्पिटलात असता.

अर्ज कसा लिहायचा? पाल्हाळ नको. मी मुलांना साधारण असा मजकूर सांगते:

"मी आपल्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकत आहे, हजेरी क्रमांक अमुक. माझे वडील दिनांक अमुक पासून अर्धांगवायूमुळे रुग्णालयात दाखल असून त्यांची शुश्रूषा करणारे घरात दुसरे कोणी नाही. या कारणाने मी दिनांक अमुक पासून वर्गात उपस्थित राहू शकले नाही व चौथ्या सत्राच्या परीक्षेस बसू शकणार नाही. रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या अनुपस्थितीची नोंद घ्यावी, माझा प्रवेश कायम ठेवावा, आणि मला मिळत असलेल्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण पुढील वर्षी करता यावे यासाठी आवश्यक ते प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा अर्ज त्याच्यासाठी आहे. दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्या, दुसरीवर इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि तारखेचा शिक्का घ्या. "ठेवून जा, सर बघतील" असं म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. फारच टाळाटाळ झाली तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही टाका. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच.

आणि वर्ष होऊन गेलंय, तेव्हा काहीच कळवलं नव्हतं, असं असेल तर? तरीही हाच अर्ज द्या, फक्त भूतकाळात. तारीख आजचीच घाला. मागची तारीख टाकून अर्ज दिल्याचं दाखवणं हा मूर्खपणा आहे, इनवर्ड रजिस्टरमध्ये ते लगेच दिसतं.

पुरावा गोळा करा

बहुतेक मुलं एकच मेडिकल सर्टिफिकेट आणतात, तेही गल्लीतल्या डॉक्टरने काल लिहून दिलेलं. असं सर्टिफिकेट बघून कुणाचंच समाधान होत नाही. केईएम, सायन, नायर किंवा जे.जे.मध्ये उपचार झाले असतील, तर तुमच्याकडे त्याहून कितीतरी भारी वस्तू असते: केस पेपर. त्यावर नोंदणी क्रमांक असतो, प्रत्येक भेटीची तारीख असते, डॉक्टरांच्या नोंदी असतात. डिस्चार्ज कार्ड असेल तर ते सगळ्यात वर लावा. केस पेपर मळलेला, घडी पडलेली, चहाचा डाग असला तरी चालतो. उलट तो खरा वाटतो. फक्त झेरॉक्स काढताना मागची बाजू विसरू नका, पुढच्या तारखा बऱ्याचदा मागेच असतात.

मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यूचा दाखला काढा. त्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या, पुढे पेन्शन, बँक, उत्पन्नाचा दाखला सगळीकडे लागतो.

आजार घरातल्या माणसाचा असेल तर आणखी एक प्रश्न येतो: "आजारी वडील होते, मग तू का आली नाहीस?" प्रश्न कडवट वाटतो, पण फाईल तपासणारा तो विचारणारच. म्हणून तुमचं त्या माणसाशी नातं आणि तुमच्यावर पडलेली जबाबदारी, दोन्ही कागदावर दिसायला हवं. रेशन कार्डाची प्रत नातं दाखवते. दुसरा सांभाळणारा कुणी नव्हता हे तुमच्या स्वयंघोषणापत्रात लिहा.

मनाचा आजार, घरातली मारहाण, जबरदस्तीने ठरवलेलं लग्न, यांचा पुरावा अवघड, आणि मुलं ते सांगतही नाहीत. सांगायला हवं असं मी म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण मानसोपचाराचा केस पेपर हा इतर केस पेपरइतकाच वजनाचा असतो, त्यात कमीपणा नाही. आजाराचं नाव सगळ्या ऑफिसला कळायला नको असेल, तर डॉक्टरांकडून "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैद्यकीय कारणाने शिक्षण घेण्यास असमर्थ" एवढंच लिहून घ्या आणि मूळ कागद बंद पाकिटात थेट प्राचार्यांना द्या. आत्ता या क्षणी कुणाशी बोलायची गरज असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

फक्त नोकरीसाठी वर्ष सोडलं असेल, तर ते "अकल्पित कारण" म्हणून मान्य करून घेणं कठीण जातं. मात्र वडिलांचं काम सुटलं म्हणून नोकरी करावी लागली, असा क्रम असेल तर पुरावा वडिलांच्या कामाचा द्या. मालकाचं पत्र, कंपनी बंद झाल्याची नोटीस, काहीही. तुमची नोकरी हा परिणाम आहे, कारण आधीचं आहे.

आपली योजना कोणती आणि ती गॅपबद्दल काय म्हणते

इथे थोडा वेळ थांबा. "स्कॉलरशिप" म्हणजे एकच वस्तू नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर डझनावारी योजना आहेत, आणि खंड पडण्याबद्दल प्रत्येकीचं म्हणणं वेगळं आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती घ्या, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत आणि कॉलेजं त्यांची खिचडी करतात.

पहिली, नापास. परीक्षा दिली, पण पास झाला नाही. पुढच्या वर्गात जाईपर्यंत सहसा लाभ थांबतो.

दुसरी, एटीकेटी. विषय राहिलेत, पण विद्यापीठाच्या नियमाने वरच्या वर्गात गेलात. मग वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती मिळते. "तुझे दोन विषय राहिलेत, तुला मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

तिसरी, जी आपली आहे: आजारपणामुळे किंवा आधी कल्पना करता येणार नाही अशा घटनेमुळे वार्षिक परीक्षेला बसताच आलं नाही. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा इतर पुरेसा पुरावा दिला, संस्थाप्रमुखाचं समाधान झालं, आणि परीक्षेला बसला असता तर हा विद्यार्थी पास झाला असता असं त्याने प्रमाणित केलं, तर पुढच्या वर्षासाठी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करता येतं. माझ्या त्या क्लार्कने न वाचलेलं पान ते हेच.

बघा, अधिकार कुणाकडे दिलाय. मंत्रालयाकडे नाही, समाजकल्याण खात्याकडेही नाही, तुमच्या प्राचार्यांकडे. म्हणून मी सुरुवातीपासून त्यांच्या सहीचं एवढं लावून धरलंय.

खुल्या प्रवर्गातली मुलं बहुतेक राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घेतात, जिला आपण सवयीने अजूनही "ईबीसी" (आर्थिक मागास) म्हणतो. उत्पन्न आठ लाखांपर्यंत, कुटुंबातली पहिली दोन अपत्यं. तिची अट अशी की अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा खंड नसावा. म्हणजे एक वर्ष गेलं तर दार उघडं आहे, दोन गेली की बंद. कुणी "अजून एक वर्ष कमावतो, मग येतो" असं म्हणत असेल तर त्याने हे वाक्य दोनदा वाचावं. याच योजनेत प्रत्येक सत्राच्या परीक्षेला बसणं आणि आधीच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी असणंही लागतं, त्यामुळे बुडालेल्या सत्राचा खुलासा कागदावर असायलाच हवा.

मुलींनी आणखी एक तपासावं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. तुम्ही २०२३मध्ये इंजिनीअरिंग सोडलं असेल तेव्हा हे नव्हतं. परत येताना "मला तेव्हा पन्नास टक्के मिळायचे" हे डोक्यातून काढून नव्याने चौकशी करा.

जाता जाता क्रेडिटबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणातल्या अभ्यासक्रमात असाल तर मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं. पण क्रेडिट टिकले म्हणजे शिष्यवृत्ती टिकली असं नाही. ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, आणि शिष्यवृत्तीचं जास्त वेगाने.

प्राचार्यांचं प्रमाणपत्र

"बसला असता तर पास झाला असता" असं प्राचार्य कशाच्या जोरावर लिहिणार? त्यांना तुमचा चेहराही आठवत नसतो, दोन-तीन हजार मुलांचं कॉलेज. म्हणून त्यांचं काम तुम्हीच सोपं करायचं. आधीच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लावा. इंटर्नल झाली असेल तर तिचे गुण लावा. अडचण येण्याआधीच्या महिन्यांची हजेरी लावा. वर्गशिक्षकांची किंवा विभागप्रमुखांची दोन ओळींची शिफारस मिळाली तर उत्तम. मग हे सगळं एका फाईलमध्ये, वर अर्ज, आणि सोबत प्रमाणपत्राचा कच्चा मसुदा टाईप करून न्या. मसुदा तयार असला की सही आठवडाभरात होते, नसला की "करू, करू" म्हणत दिवाळीची सुट्टी लागते. मसुद्यात खंडाचा काळ, कारण, पाहिलेले पुरावे आणि "माझे समाधान झाले आहे" हे शब्द हवेत.

पूर्ण वर्ष बाहेर असाल तर कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागेल. या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात असतं. ते करण्याआधी विचारा की साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल का. स्टँप पेपरचा खर्च वाचतो. शासनाने ९ मार्च २०१५लाच प्रतिज्ञापत्रांऐवजी स्वयंघोषणापत्रं घ्यायला सांगितलंय. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट हे तुम्हाला सांगणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे.

उत्पन्नाचा दाखला: इथे पैसे सुटतात

वडील गेले किंवा अंथरुणाला खिळले, पगार बंद झाला, आणि मुलगी गेल्या वर्षीचाच दाखला अपलोड करते, ज्यावर वडिलांचा पूर्ण पगार आहे. मग मर्यादेपेक्षा चाळीस हजारांनी जास्त म्हणून अर्ज बाद. असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता अर्ज बघायच्या आधी मी दाखलाच बघते.

नवा दाखला काढा. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करता येतो किंवा सेतू केंद्रातून. शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उपनगरात असाल तर वांद्रे पूर्वेला, आणि तहसील अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला. पत्ता ज्या तालुक्यात, अर्ज त्याच तहसीलला. कुर्ल्याचा माणूस अंधेरीच्या रांगेत दोन तास उभा राहून परत गेलेला मी पाहिलाय.

सोबत मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा आदेश लावा. पेन्शन हे उत्पन्न धरलं जातं, ते लपवू नका. वडील हयात आहेत पण बिनपगारी रजेवर आहेत, तर मालकाकडून "अमुक तारखेपासून वेतन दिलेले नाही" असं लेटरहेडवर घ्या. आई घरकाम करत असेल, पोळ्या लाटत असेल, तर तिचं स्वयंघोषणापत्र. आणि दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे आणि कधीपर्यंत चालतो हे वाचा. बरेच दाखले ३१ मार्चला संपतात.

महाडीबीटीचा फॉर्म

फॉर्म भरायला रात्री अकरानंतर बसा, किंवा पहाटे. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात दुपारी साईट चालेल ही आशा सोडा.

आधी प्रोफाईल. पालकांच्या माहितीत वडील हयात आहेत का, आई हयात आहे का, असं विचारलेलं असतं. ते जुनंच राहिलेलं असतं. एका मुलाने माझ्या समोर बसून तिथे "नाही" निवडलं, मग माऊस सोडला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मी त्याला पाणी दिलं आणि बाकीचं पान मीच भरलं. लहान भावंडाकडून किंवा मित्राकडून हे भरून घेतलं तरी चालेल, त्यात काही बिघडत नाही.

मग अभ्यासक्रमाची माहिती. गॅपचा रकाना रिकामा सोडू नका आणि "गॅप नाही" असंही भरू नका, मार्कशीटवरची वर्षं आणि तुमचं उत्तर जुळलं नाही की अर्ज परत. गेल्या वर्षाची नोंद करताना जे खरं घडलं ते भरा, बसलाच नव्हता तर "नापास" निवडू नका. वर सांगितलेला फरक इथेच मारतो. प्राचार्यांचं प्रमाणपत्र, केस पेपर आणि स्वयंघोषणापत्र एकाच पीडीएफमध्ये जोडा, कारण अपलोडची जागा बहुधा एकच असते. फाईलचा आकार ठरलेल्या मर्यादेत बसवा, पण तारखा वाचता येतील एवढी स्पष्ट ठेवा.

फॉर्म भरला की अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या डेस्कवर, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या डेस्कवर जातो. त्याचा आयडी लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. "सेंड बॅक" आला तर घाबरायचं कारण नाही, त्रुटी दुरुस्त करून परत पाठवायचा असतो. पण मुदतीत. मुलं सेंड बॅक म्हणजे रिजेक्ट समजतात आणि सोडून देतात.

रिन्यूअलचा पर्यायच दिसत नसेल, तर घाईने दुसरा आयडी काढून नवा अर्ज टाकू नका, आधारवर दोन खाती सापडली की गुंता दुप्पट. पोर्टलवरच्या तक्रारीच्या खिडकीत नोंद करा, तिचा क्रमांक घ्या आणि कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या नोडल माणसाला दाखवा.

बँक खात्याचं एक छोटं काम. शिष्यवृत्ती तुम्ही लिहिलेल्या खात्यात नाही, आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात येते. वडील गेल्यावर आईबरोबर नवं खातं उघडलं असेल, तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय, ते बघा. आणि दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, त्यामुळे आधी केवायसी करून शंभर रुपये का होईना टाका.

शैक्षणिक कर्ज चालू असेल तर

कर्ज घेऊन शिकणारी मुलं खंड पडला की बँकेपासून तोंड लपवतात. नेमकं उलटं करा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, आणि अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते. कारण विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं असेल तर त्यापुढेही वाढ देण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. पण ही वाढ आपोआप होत नाही. बँकेच्या संगणकात जुनीच तारीख असते, त्या तारखेला हप्ता लागतो, तीन महिन्यांत खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्ज, ठरतं आणि जामीनदार मामा घरी येऊन बसतात. म्हणून शाखेत लेखी अर्ज, सोबत कॉलेजचं पत्र: नवी अंदाजे पूर्णत्वाची तारीख अमुक.

केंद्राच्या २००९च्या व्याज अनुदान योजनेत कर्ज असेल तर आणखी काळजी घ्या. अभ्यासक्रम मधेच सोडणाऱ्याला ते अनुदान मिळत नाही. अपवाद एकच, वैद्यकीय कारण, आणि तेही संस्थाप्रमुखाचं समाधान होईल अशा कागदांसह. इथेही तीच सही.

पैसे येईपर्यंत

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी खात्यात यायला सत्र उलटून जातं. तोवर फीचे हप्ते पाडून मागा, लेखी. कॉलेजात विद्यार्थी सहाय्य निधी असतो, "स्टुडंट्स एड फंड" म्हणून विचारा. कमवा आणि शिका असेल तर ग्रंथालयात दोन तास काम. पुस्तकांसाठी कॉलेजची बुक बँक बघा, प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाची पुस्तक पेढीही आहे. ठाण्याचं विद्यादान साहाय्यक मंडळ होतकरू मुलांच्या पाठीशी उभं राहतं. आपापल्या ज्ञातीच्या, गावच्या मंडळांनाही विचारा. गिरगाव, दादर, लालबागेत अशी जुनी मंडळं आहेत ज्यांच्याकडे शिक्षण निधी पडून असतो आणि अर्ज यायचे थांबलेत. ट्रस्टकडे जाताना सरकारी अर्जासाठी बांधलेली तीच फाईल न्या. रडकं पत्र नको. किती कमी पडतायत तो आकडा लिहा: "या सत्राची फी अमुक, भरले अमुक, बाकी अमुक." आकडा लिहिलेल्या अर्जाला उत्तर लवकर येतं.

नाहीच म्हणाले तर

तोंडी नकार घेऊ नका. "कोणत्या नियमाने नाही, ते लिहून द्या" असं नम्रपणे म्हणा. निम्म्या वेळा तिथेच फाईल हलते. कॉलेजच अडवत असेल तर योजनेप्रमाणे वरचं कार्यालय वेगळं: पारंपरिक पदवीच्या शुल्क योजनेसाठी उच्च शिक्षण सहसंचालक, धोबी तलावला एल्फिन्स्टन टेक्निकलच्या आवारात, अनुसूचित जातींच्या योजनांसाठी समाजकल्याणचे सहायक आयुक्त, उपनगरचं कार्यालय चेंबूरला प्रशासकीय इमारतीत. जाताना पोच घेतलेल्या सगळ्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्या.

त्याने हललं नाही तर माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. प्रश्न "मला शिष्यवृत्ती का नाही" असा विचारायचा नाही, त्याला उत्तर येत नाही. विचारायचं: माझा अर्ज क्रमांक अमुक कोणत्या तारखेला कोणत्या डेस्कवर आला, त्यावर काय शेरा मारला, आणि तो शेरा ज्या नियमाखाली मारला त्याची प्रत द्यावी.

आईच्या केमोथेरपीत टी.वाय.चं वर्ष गेलेल्या एका मुलीने असाच अर्ज टाकला होता. सात महिने तिचा फॉर्म एकाच डेस्कवर होता. माहितीचा अर्ज पोचला आणि तीन आठवड्यांच्या आत पोर्टलवर स्टेटस बदललं. तिने मागितलेली माहिती मात्र शेवटपर्यंत आली नाही. मी म्हटलं, अपील कर, तुझा हक्क आहे. ती म्हणाली, "मॅडम, परवा पेपर आहे."